सुहैमींचा वाडा

कैरो शहराच्या जुन्या भागात उन्हाळ्याची दुपार मोठी कडक असते. अल्-मुइझ्झ हा तेथील गजबजलेला रस्ता. त्याला फुटलेल्या दर्ब अल्-अस्फर या अरुंद गल्लीत शिरले, की प्रवाशाच्या दृष्टीस एक उंच भिंत पडते. खाली ती अगदी साधी. वर मात्र नक्षीदार लाकडी जाळ्यांचे सज्जे गल्लीवर झुकलेले. हेच ‘बैत अल्-सुहैमी’, म्हणजे सुहैमींचे घर.

१५१७ मध्ये इजिप्त देश उस्मानी तुर्कांच्या अमलाखाली आला. त्या अमदानीत, १६४८ साली, अब्द अल्-वहाब अल्-तबलावी यांनी हा वाडा बांधला. १७९६ मध्ये त्याचा विस्तार झाला. पुढे तेथे राहिलेल्या सुहैमी घराण्याचे नाव त्याला मिळाले. आज येथे कोणी राहत नाही. वाड्याचे वस्तुसंग्रहालय झाले आहे.

दारातून आत जाणारी वाट सरळ चौकात नेत नाही, ती वळण घेते. रस्त्यावरून जाणाऱ्याच्या नजरेला घरातले काही पडू नये, हा त्यामागील हेतू. वळण संपताच झाडांनी शोभणारा चौक समोर येतो, आणि उन्हातून आलेल्या पाहुण्याच्या अंगाला गार झुळूक लागते.

ही झुळूक योगायोगाने आलेली नसते. पुढचा चौक सावलीत असतो, तर मागचे आवार उन्हात तापते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घेण्यास चौकातील गार हवा धावते. या दोहोंच्या मध्ये, हवेच्या वाटेवरच, ‘तख्तबूश’ नावाची बैठकीची जागा आहे. पाहुणे तेथे बसत आणि वारा आपण होऊन त्यांच्या सेवेला येई. इजिप्तचे थोर वास्तुशिल्पी हसन फतही यांनी विसाव्या शतकात या जुन्या युक्तीचे मर्म आपल्या लेखनातून जगाला उलगडून दाखवले.

वरच्या मजल्यावर निळ्या फरश्यांनी मढवलेली एक खोली आहे. परंतु पाहणाऱ्याचे पाऊल अधिक रेंगाळते ते खिडक्यांपाशी. कातलेल्या लाकडाचे असंख्य तुकडे एकमेकांत गुंफून केलेल्या या जाळीला ‘मश्रबिया’ म्हणतात. ती प्रखर ऊन अडवते, वारा मात्र अडवत नाही. अशा जाळीपाशी पाण्याची मातीची भांडी ठेवीत. त्यामुळे पाणी थंड होई आणि वाराही.

या जाळीआड घरातील स्त्रिया बसत. त्यांना गल्ली दिसे. गल्लीला त्या दिसत नसत. सुताराच्या कौशल्याने मन थक्क होते, पण त्याच वेळी एक विचारही मनात येतो. जिला बाहेरचे सारे दिसे, तिला बाहेर पडण्याची मुभा किती असेल? ती नाजूक जाळी जशी सावली होती, तशीच ती एक भिंतही होती.

१२ ऑक्टोबर १९९२ रोजी कैरोला भूकंपाचा मोठा हादरा बसला. जुन्या शहरातील अनेक वास्तूंप्रमाणे या वाड्यालाही इजा पोहोचली. १९९४ मध्ये दुरुस्तीचे मोठे काम हाती घेण्यात आले. जाणत्यांनी केवळ वाड्याचाच विचार केला नाही, तर तो ज्या गल्लीत उभा आहे तिचाही केला. गल्ली मोडकळीस आली तर एकटा वाडा किती काळ तग धरणार? म्हणून वाड्याबरोबर गल्लीचीही सुधारणा झाली आणि २००० साली वाडा पुन्हा लोकांसाठी खुला झाला.

इतर संग्रहालयांत वस्तू काचेच्या कपाटांत असतात आणि माणूस त्या बाहेरून पाहतो. येथे वाडा हीच वस्तू, आणि पाहणारा तिच्या आत उभा असतो. ऊन, वारा आणि पाणी यांची ओळख ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या करून घेतली, त्यांचे शहाणपण येथे वाचावे लागत नाही. ते अंगाला जाणवते. त्यांच्या काळाच्या मर्यादाही त्याच भिंतींत दिसतात.

वळणाच्या वाटेने बाहेर आलेला प्रवासी पुन्हा उन्हात उभा राहतो. मागे वळून तो वर पाहतो. जाळीच्या आतून पाहणारे आता कोणी नाही. तरी त्याची नजर क्षणभर तेथेच खिळून राहते.