ताण

डिसेंबर लागला की आमच्याकडे बाग ताणावर सोडतात. पाणी तोडायचं, आळ्यांतली माती भेगाळू द्यायची, संत्र्याची पानं मलूल होऊन मिटायला लागली तरी मन घट्ट करून विहिरीकडे पाहायचं नाही. त्या तहानेतूनच आंबिया बहार फुटतो, आणि जानेवारीत ताण तोडल्यावर फुलं आली की काटोलची रात्र पांढऱ्या वासानं भरून जाते. याच दिवसांत घरात मात्र आई तांब्या घेऊन ताईच्या मागं फिरायची. "पी. आणखी दोन घोट पी."

झाडाला तहान हवी. ताईला नको.

ताईला सिकलसेल आहे. थंडीची रात्र, हाडांच्या आतून उठणारी कळ, तव्यावर भाजलेल्या मिठाची फडक्यात बांधलेली पुरचुंडी, तिचा कोरडा ऊन वास, आणि भिंतीकडे तोंड करून, ओढणीचं टोक दातांत धरून पडलेली ताई. कळ कुणाला दिसत नाही. न दिसणाऱ्या दुखण्याला माणसं नावं देतात: नजर, लाड, सोंग. सोंग हा शब्द माझा. आठवीत होतो.

म्हणूनच असेल, नागपूरला शिकायला गेल्यावर रेणूंची मॉडेलं पाहायचं सॉफ्टवेअर हाती आलं तेव्हा मी आधी हिमोग्लोबिन उघडलं. सिकल हिमोग्लोबिनची १९९७ साली स्फटिकावरून काढलेली रचना कुणालाही उतरवून घेता येते; तिचा क्रमांक २एचबीएस. काळ्या पडद्यावर रिबिनींची वेटोळी. एका रेणूत चार साखळ्या, त्यांत मिळून ५७४ अमिनो आम्लं. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं होतं, अंगावर विद्युतभार घेऊन पाण्याकडे तोंड करून राहणारं. तिथं व्हॅलिन बसलंय, आणि व्हॅलिनला पाणी नकोसं. जन्म पाण्यात आणि पाण्याशी वाकडं, म्हणून ते आडोसा शोधत राहतं. रेणूनं ऑक्सिजन सोडला की शेजारच्या रेणूवर, ८५वं फिनाइलअ‍ॅलानिन आणि ८८वं ल्युसिन यांच्यापाशी, एक इवलीशी खोबण मोकळी होते, आणि जंबेरीच्या खुंटाला दिलेल्या चिरेत संत्र्याचा डोळा बसावा तसं ते तिच्यात नेमकं जाऊन बसतं. मग रेणूला रेणू जुळत जातो, चौदा पदरांचा ताठ दोर वळला जातो, आणि गोल, मऊ रक्तपेशी विळ्यासारखी वाकते.

पेशीतलं पाणी आटलं की रेणूंची दाटी होते, दोर लवकर वळतो. आईचा तांब्या बरोबर होता.

लायनस पॉलिंग यांनी १९४९ साली याला रेणूचा आजार म्हटलं; १९५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्राम यांनी नेमका तो एक बदल दाखवून दिला. मी तो आमच्या ओसरीवर, लॅपटॉप पाटावर ठेवून, आईला आणि ताईला दाखवला.

"येवढुसंच?" आई म्हणाली. मग जरा थांबून, "कोणाकडून आलं हे?"

"एक तुझ्याकडून. एक बाबांकडून."

ती कितीतरी वेळ पदराशी चाळा करत राहिली. मी घाईघाईनं सांगू लागलो, की हा बदल एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक असतो, आणि हिवताप त्याच्या जिवावर सहसा उठत नाही, म्हणून तर तो इतक्या पिढ्या टिकला.

"माह्या मायची तीन भावंडं हिवतापानं गेली," आई म्हणाली. "ते राह्यली."

ताईनं माउस मागून घेतला. रेणू हळूहळू फिरवत ती त्या खोबणीपाशी आली, तिथं थांबली, पडद्यावर बोट टेकवलं. तिची रोजची हायड्रॉक्सियुरियाची गोळी आईच्या पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते आणि ते या दोराला नीट वळू देत नाही, असं मी सांगत होतो. तिचं लक्ष नव्हतं.

"म्हणजे खरंच होतं नं रे," ती म्हणाली.

मला हो एवढंच म्हणता आलं.

बाहेर बाबांनी मोटर सुरू केली. महिनाभर तहानलेल्या आळ्यांत पाणी शिरल्याचा आवाज आला, आधी फुसफुस, मग संथ. आई आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली.