बोटावर ९८, तरीही जीव गुदमरलेला

थंडी सुरू झाली की दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. “डॉक्टर, अंघोळ करताना चक्कर येऊन पडले. बीपी लो झालं असेल का?” बीपी तर मी बघतोच, पण त्याआधी विचारतो, “गीझर गॅसचा आहे का? बाथरूमच्या आतच बसवलाय?” अनेकांना वाटतं, हा प्रश्न डॉक्टरने नव्हे, प्लंबरने विचारायचा.

याचं उत्तर बारावीच्या केमिस्ट्रीत आहे. मध्ये धातूचा अणू आणि त्याला चहूबाजूंनी धरून बसलेले इतर अणू, म्हणजे कोऑर्डिनेशन कंपाउंड. मार्कांसाठी घोकलेला हा धडा तुमच्या रक्तात रात्रंदिवस चालू असतो. हिमोग्लोबिनमधल्या लोहाभोवती सहा जागा असतात. चार जागा ‘हीम’ या चपट्या चकतीतल्या नायट्रोजनने धरलेल्या, पाचवी प्रथिनातल्या हिस्टिडिनने. सहावी तेवढी मोकळी. फुप्फुसात ऑक्सिजन तिथे बसतो आणि पेशींपाशी उतरतो. धरायचं, पण वेळेवर सोडायचंही, हीच त्याची खरी करामत.

बंद बाथरूममध्ये हवा अपुरी पडली की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तोही नेमका त्याच सहाव्या जागेवर बसतो, आणि लोहाची त्याच्याशी ओढ ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त! त्यामुळे हवेत तो थोडासा असला तरी पुरतो. एवढ्यावर भागत नाही. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे चार अणू असतात. त्यातल्या एकदोघांवर हा पाहुणा बसला, की उरलेले आपल्याकडचा ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतात, पेशींना देत नाहीत. म्हणूनच हिमोग्लोबिन ७ असलेली बाई माझ्यासमोर चालत येते, पण निम्मं हिमोग्लोबिन असं अडकलेला माणूस बेशुद्ध असतो.

“पण गॅसचा वास आला नाही!” असं नातेवाईक सांगतात. वास मुद्दाम मिसळलेला असतो तो न जळलेल्या गॅसला. कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. आणि कोविडपासून घरोघरी आलेलं ते बोटाचं यंत्र? त्याला ऑक्सिजन बसलेलं आणि हे विष बसलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. ते खुशाल ९८ दाखवतं. त्यावर विसंबून घरी थांबू नका.

सुदैवाने ही पकड कायमची नसते. साध्या हवेत रक्तातला निम्मा कार्बन मोनॉक्साइड निघून जायला चार-पाच तास लागतात, घट्ट मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. म्हणून आधी गॅस बंद करून दार सताड उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि थेट रुग्णालय गाठा. शुद्ध आली, बोलायला लागला, तरीही न्याच. विसराळूपणा, चालताना तोल जाणं अशा तक्रारी काहींना दोन-तीन आठवड्यांनंतरही सुरू होतात.

आणि गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. पाइप थोडा लांब पडेल, इतकंच.