वाडीचे दोन पहारेकरी

आजचा धागा लढाईचा नाही, तहाचाही नाही. आज एका कारखान्याविषयी लिहावयाचे आहे. खरे तर त्या कारखान्याच्या दोन पहारेकऱ्यांविषयी.

गेली काही वर्षे मी एका व्यवस्थापन महाविद्यालयात उद्योगांचा इतिहास शिकवावयास जातो. तिथला मुख्य आहार म्हणजे केस स्टडी. चार पाने, एक नायक, एक पेच, आणि अखेरीस ठरलेला प्रश्न : त्यांच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? ही रीत रूढ केली हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने. ती संस्था १९०८ ची. तिच्यानंतर दोनच वर्षांनी, १० मार्च १९१० रोजी, कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर एक वसाहत उभी राहिली. आमच्या वर्गात सर्वांत अधिक चर्चा होते ती तिच्याच केसवर. ती वसाहत म्हणजे किर्लोस्करवाडी.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस चित्रकला शिकण्यास गेले. काही रंग त्यांना नीट ओळखता येत नसत, म्हणून चित्रकला सुटली आणि यांत्रिक रेखाटन हाती आले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. बढतीत डावलले गेल्यावर ती नोकरीही सोडली. बेळगावात बंधू रामूअण्णांसह सायकलींचे दुकान चालवले, पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची दृढ समजूत होती. पहिले सहा नांगर खपावयास दोन वर्षे लागली. त्यातच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करावयास सांगितली. त्या सुमारास लक्ष्मणराव औंधास एका सभामंडपाचे काम पाहत होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे माळावर आली. माळावर निवडुंग होते, आणि निवडुंगात नाग.

(पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावर पडून असलेल्या जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या. म्हणजे पन्हाळ्याच्या तोफांचे नांगर झाले. या धाग्यावरील गडप्रेमी मंडळींना हे वाचून दुःख व्हावे की आनंद, याचा निर्णय मी त्यांच्यावरच सोपवतो.)

केसचा गाभा मात्र पुढे आहे. वाडी चालवणारी माणसे कोण होती? वसाहतीची आखणी व कारभार रामूअण्णांकडे, यंत्रांचे काम शंभूराव जांभेकरांकडे, हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. शाळेत नापास झालेले अनंतराव फळणीकर इथे यंत्रे घडवू लागले. आणि रात्रीचा पहारा तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग या दोघांकडे. हे दोघे पूर्वी दरोडेखोरीत होते, असे सांगितले जाते. आमच्या पुस्तिकेत यावर एक वाक्य आहे : ‘गुन्हेगार जमातीतील व्यक्तींवर विश्वास टाकून लक्ष्मणरावांनी त्यांचे परिवर्तन घडवून आणले.’ खाली प्रेरणेविषयीचे तीन प्रश्न.

गतवर्षी हे वाक्य वाचून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, ‘सर, आमच्या लोकांना चोर कुणी ठरवलं, हे या केसमध्ये का नाही?’ मुलगा पुरंदर तालुक्यातला, घर रामोशी. वर्गात कोणी काही बोलले नाही. मी तास तिथेच थांबवला आणि पुढचे दोन तास फक्त या प्रश्नाला दिले. त्यातला सारांश इथे मांडतो, कारण तो इतिहासाच्या वाचकाचाही प्रश्न आहे.

रामोशी हा मराठी मुलखातला पिढीजात राखणदार. गावाची रात्र त्याच्या जबाबदारीवर. चोरी झाली तर माग त्यानेच काढावयाचा. पावले दुसऱ्या गावच्या शिवेत गेलेली दाखवता आली, तर पुढचा भार त्या गावच्या रामोशावर. माग लागलाच नाही, तर नुकसान भरून देण्याची पाळी याच्यावर. पुरंदरसारख्या किल्ल्याची राखणही रामोशांकडे होती. चोर आणि पहारेकरी यांमधले अंतर त्या काळी आपण समजतो तितके मोठे नव्हते, हेही खरे. पण त्या नात्याला नियम होते, हक्क होते, मोबदला होता. पेशवाईच्या अखेरीस आणि पुढे कंपनी सरकारच्या अमलात ते हक्क हातचे गेले. उमाजी नाईकांचे बंड याच मातीत उगवले, आणि पुण्यात फाशीच्या दोरावर संपले. नंतर १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. जन्मावरून माणूस गुन्हेगार ठरवावयाचा, त्याची नोंद करावयाची, पोलिसांपुढे हजेरी लावावयाची, अशी ती तजवीज. १९११ मध्ये त्या कायद्याची व्याप्ती ब्रिटिश हिंदुस्थानभर झाली. वाडी तेव्हा अवघ्या एका वर्षाची होती. ती औंध संस्थानात होती खरी, पण भोवतालचा सातारा जिल्हा ब्रिटिशांचा. हा कायदा रद्द व्हावयास १९५२ साल उजाडले. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी हे नाव आजही आहे.

आता पुस्तिकेतले वाक्य पुन्हा वाचा. तुकारामाचे ‘परिवर्तन’ झाले म्हणजे नेमके काय झाले? त्याला पहारा मिळाला. म्हणजे त्याच्या पूर्वजांचे जे काम सत्तेने काढून घेतले होते, तेच काम वाडीच्या वेशीवर त्याला परत मिळाले. व्यवस्थापनाची पुस्तके याला नेत्याच्या विश्वासाचा चमत्कार म्हणतात. मला त्यात एका कुशल कारागिराला त्याचे हत्यार परत दिल्यासारखे दिसते. लक्ष्मणरावांचे मोठेपण याने कमी होत नाही. सरकार ज्याची हजेरी घेऊ पाहत होते, त्याच्या हाती रात्रीचा पहारा देणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र माणसाच्या अंगी ते काम आधीपासून होते, एवढे तरी नोंदवले पाहिजे.

पिऱ्याची गोष्ट निराळी. बलुत्यात मांगांकडे दोर वळण्याचे काम, आणि वाट्याला अस्पृश्यतेचा शिक्का. तिथे माझे वरचे स्पष्टीकरण तितकेसे लागू पडत नाही; तिथे लक्ष्मणरावांच्या धाडसाचे श्रेय पुरतेपणी त्यांच्याच पदरात घालावे लागते.

आणखी एक नायक केसमधून गळतो, तो म्हणजे औंध. ज्या संस्थानिकाने माळ दिला, त्याच्याच संस्थानात पुढे आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा तीच. शिक्षा भोगलेल्या माणसाला मोकळे सोडून पाहण्याची हवाच त्या मुलखात होती. एकाच माणसाच्या स्वभावातून सारे उगवले असे लिहिले, की मुलांना वाटते, आपणही असा स्वभाव कमावला की वाडी उभी राहील. त्यांना बत्तीस एकर माळ देणारा कोणी लागेल, हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.

वर दिलेली नावांची यादी पुन्हा पाहा. शंभूराव, मंगेशराव, अनंतराव; सर्वांना ‘राव’ आणि आडनाव. तुकारामाला आडनावाच्या जागी जात. पिऱ्याला तर पुरते नावही नाही, हाक मारावी तसे. वाडीने अस्पृश्यता मानली नाही, हे खरे, आणि त्या काळी ते फार मोठे होते. तरी स्मृतीची वही लिहिताना हात जुन्या वळणानेच गेला. शंभर वर्षांनी आम्ही तीच वही पुढे उतरवून घेतो.

त्या मुलाने सत्राच्या अखेरीस निबंध लिहिला, तो माग काढण्याच्या पद्धतीवर. ओल्या मातीतले पाऊल किती प्रहरांपूर्वीचे, हे त्याच्या आजोबांना सांगता येत असे. माझ्या वर्गापुरते पुस्तिकेतले वाक्य मी खोडून घेतो. छापील प्रतीत ते अजून आहे.