मोठी दिसणारी, हलकी उडणारी

बोकडाचे केस पाण्यात जितके जिवंत होतात, तितकेच पाण्याबाहेर काढताना जड होतात. मरळीसाठी फ्लाय, म्हणजे गळावर केस-पिसं बांधून केलेलं आमिष, निवडण्यातली सगळी अडचण मला या एका गोष्टीत दिसते, आणि उजवा खांदा धरायला लागल्यापासून तर दुसरं काही सुचत नाही. लहान फ्लाय दिवसभर फेकता येते, पण बोरी नदीवरच्या कुरनूर धरणातली मोठी मरळ तिच्यासाठी पाणकणसांतून बाहेर येत नाही. मोठी फ्लाय तिला बाहेर काढते, पण एकदा भिजली की मागच्या फेकीत तिचं ओझं थेट खांद्यावर येतं.

मस्कीच्या मागे लागलेल्या अमेरिकन गळकऱ्यांचंही दुखणं हेच आहे. मस्की हा विस्कॉन्सिनचा राज्यमासा. थंड पाण्यातला, लांबुडका, दबा धरून बसणारा. दहा हजार फेकींचा मासा असं त्याला तिकडे म्हणतात. त्याच्यासाठी हातभर लांबीच्या फ्लाय बांधतात आणि त्या फेकायला दहा ते बारा नंबरचे रॉड लागतात. आपल्याकडे तो मासा नाही आणि कधी असणारही नाही. पण बोरी नदीच्या पाण्यात दबा धरणारी मरळ आहे. तिच्या मागे आठ नंबरचा रॉड घेऊन फिरताना मस्कीवाल्यांनी लिहिलेलं सगळं मी आधाशासारखं वाचलं, कारण मरळीसाठी फ्लाय बांधण्याबद्दल आपल्या भाषेत वाचायला मला काही मिळालं नाही. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्याचं ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ साली निघालं. तेव्हापासून इथे फ्लाय म्हटलं की बोलणं महसीरवरच येऊन थांबतं. मरळ काळी, चिखलातली, बाजारात जिवंत विकली जाणारी, म्हणून तिच्याकडे कुणी या नजरेनं पाहिलं नाही. शेजारच्या तेलंगणानं तिला राज्यमासा केलं. तो मान तिला शोभतो.

जिला फसवायचं ती मरळ पाठलाग करते. फ्लायच्या मागे पाण्यावर एक फुगवटा उठतो, तो जवळ जवळ येतो, आणि वीतभर अंतरावर थांबतो. मग फुगवटा विरतो. मस्की होडीपर्यंत मागे येऊन असाच वळतो, म्हणून ते लोक होडीशेजारी रॉडचं टोक पाण्यात बुडवून इंग्रजी आठचा आकडा काढतात. काठावर उभ्या असलेल्या माणसाला मरळ ती सवलत फारशी देत नाही. तिनं त्या वीतभर अंतरावरून काय पाहिलं, हा प्रश्न मला झोपेतही सोडत नाही.

रंग पाहिला असं मी मानत नाही. पाऊस लागला की बोरीचं पाणी चहासारखं होतं. वर नळदुर्गाच्या किल्ल्यात इब्राहिम आदिलशहा दुसऱ्यानं बांधलेल्या पाणीमहालाच्या बंधाऱ्यावरून तेच पाणी खाली येतं, आणि त्यात काळं काय नि जांभळं काय, हातभर खाली सगळं सारखंच. तरी गळकरी रंगावर तासन् तास भांडतात, कारण डबी उघडली की डोळ्यांना दिसतो तो रंगच. मरळीला आधी कळतो तो धक्का: फ्लायच्या डोक्यानं बाजूला सारलेलं पाणी तिच्या अंगावरच्या रेषेला जाणवतं. म्हणून डोकं रुंद हवं. पण ती वळते ती धक्क्यामुळे नाही. मी दोर ओढायचं थांबवतो त्या क्षणी ती वळते किंवा गिळते. थांबलेल्या फ्लायमध्ये काही हललं, केस पसरले, मिटले, पुन्हा पसरले, तर तिला तो बेडूक वाटतो. काही न हलता फ्लाय नुसती तरंगत राहिली तर मरळ गेलीच.

सोलापूरच्या यंत्रमागांवर उरलेल्या पॉलिएस्टरच्या धाग्यांच्या फ्लाय मी भरपूर बांधल्या. पाणी पीत नाहीत, एका झटक्यात कोरड्या होतात, खांद्याला सुख. पण थांबल्या की मेल्या. उलट धनगरांकडून आणलेले बोकडाचे लांब केस थांबल्यावरच बोलू लागतात, आणि तेच उचलताना मनगट मागतात. अमेरिकेत हा पेच हरणाच्या शेपटीनं सोडवला. आपल्याकडे चितळ, सांबर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात. त्यांचा केस मी हातात धरत नाही आणि कुणी देऊ केला तरी घेत नाही. तिकडच्याच लॅरी डालबर्गनं हरणाच्या केसाचं तिरकं डोकं कातरून ओढलं की बुडणारी आणि थांबलं की वर येणारी फ्लाय केली. मी ते डोकं हवाई चपलेच्या फोममधून कापतो. फोम पाणी पीत नाही. प्रश्न डोक्याचा नाहीच, मागच्या अंगाचा आहे.

न्यू जर्सीच्या बॉब पोपोविक्सनं समुद्रातल्या माशांसाठी केस उलटे बांधायची रीत रूढ केली. केसांची टोकं पुढे ठेवून बांधायचं, मग सगळं मागे वळवून समोर दोऱ्याची भिंत उभी करायची. केस आतून पोकळ उभे राहतात. मूठभर केसांत मनगटाएवढी जाडी दिसते, आणि आत केसच नसल्यानं उचलताना पाणी गळून जातं. मस्कीवाल्यांनी ही रीत उचलली. मीही उचलली, पण बोकडाचा केस हरणासारखा ताठ नाही. दोरा जोरात आवळला की आडवा पडतो आणि सैल सोडला की दुसऱ्या फेकीला फिरतो. माझी बांधणी पहिल्यापासून दणकट, दोऱ्यावर दोरा आणि वर वॉर्निश. त्या बांधणीखाली केस उभा राहीना.

तो उभा केला माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीनं. तिची आई सोलापुरात विड्या वळते. वळलेल्या विडीला दोरा गुंडाळायचा तर पान फाटता कामा नये आणि सुटताही कामा नये. तो ताण तिनं लहानपणापासून आईच्या बोटांत पाहिला आणि सुट्टीत स्वतःच्या बोटांत घेतला. मी जिथे दहा वेढे घेतो तिथे ती तीन घेते. पहिला सैल, दुसरा केसांना गोळा करणारा, तिसरा आवळणारा. पहिल्यांदा ती असं बांधताना मी म्हणालो, “अगं, हे पाण्यात सुटणार.” ती म्हणाली, “काका, ओढून बघा.” मी पक्कड लावून ओढलं. केस तुटले, पण गाठ हलली नाही.

तिची फ्लाय हवेत माझ्या फ्लायच्या निम्म्या वजनाची वाटते आणि पाण्यात तेवढीच मोठी दिसते. हे लिहिताना मला आनंद होतो आणि थोडं जळायलाही होतं, दोन्ही खरं. धरणाच्या काठावर मला लोक ओळखतात ते “पिसांवर मरळ धरणारा माणूस” म्हणून. ही ओळख मला फार प्रिय आहे. गुरुवारी अक्कलकोटला स्वामी समर्थांच्या दर्शनाला आलेली मंडळी कधीकधी धरणाकडे वळतात, तेव्हा मी डबी उघडी ठेवतो, आणि सगळ्यात वर ठेवतो ती काळी-तांबडी, दाट केसांची, जी मी पाण्यात क्वचितच टाकतो. ती देखणी आहे. लोक तिच्याकडे बघतात आणि मला बरं वाटतं. खांदा दुखत असूनही दाट फ्लाय सोडवत नव्हती, त्यामागे मरळीइतकाच हा मोहही होता.

जिवंत बेडूक लावणाऱ्यांबद्दल मला आदर नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगतो. बेडूक लावला की निवड करावीच लागत नाही. धक्का, हालचाल, थांबणं, सगळं बेडूकच करतो. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात आपल्या देशानं १९८७ मध्ये थांबवली, कारण शेतातले किडे खाणारं कुणी उरेना. ते शहाणपण गळाच्या टोकाशी येऊन विसरायचं का? रबरी बेडकाबद्दल तक्रार नाही. जलपर्णीवरून तो सरकतो तसं फ्लायला सरकता येत नाही, हे मान्य करायलाच हवं.

पण खरा राग येतो पावसाळ्यातल्या शिकारीचा. मरळीची पिल्लं लालसर गोळा करून वर येतात, आणि नर-मादी खाली राखण करत असतात. त्या गोळ्यावर काहीही टाका, आई-बाप धावून येतात. ती भूक नसते. तेव्हा फ्लाय कोणती, हा प्रश्नच उरत नाही आणि त्या माशात कसबही नाही. त्या जोडीतला एक गेला की चिलापी आणि बाकीचे मासे दोन दिवसांत पिल्लं संपवतात. माझ्या तरुणपणी ऐन उन्हात काठाजवळ हवा घ्यायला वर आलेल्या मरळींचा ‘पच्’ असा आवाज एका बसणीत कितीतरी वेळा ऐकू यायचा. आता कान देऊन बसावं लागतं.

तो आवाज ऐकल्यावर फ्लाय कुठे टाकायची हे त्या मुलीला मी शिकवलं, आणि तिला तो आता माझ्यापेक्षा लवकर ऐकू येतो. बांधणीतही तिचं मी मानलं. पोकळ शरीर, तीन वेढे, वॉर्निशचा एकच थेंब. डोळ्यावरून मात्र आमचं जमत नाही. जुन्या इंग्रजी सामन-फ्लायवर आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं पीस डोळा म्हणून लावत. त्या पिसाच्या टोकाला मेणाच्या थेंबासारखा चकाकता ठिपका असतो. रानकोंबडा आता संरक्षित आहे आणि तसाच राहावा. मी गिनी कोंबडीच्या ठिपक्यांच्या पिसावर पिवळा रंग देऊन डोळा करतो. तिचं म्हणणं, गढूळ पाण्यात मरळीला डोळा दिसतच नाही, उगाच दोन पिसांचं पाणी उचलावं लागतं. रंगाबद्दल मी स्वतः जे म्हणतो तेच ती माझ्यावर उलटवते, आणि तिचं बरोबर आहे. उन्हाळ्यात पाणी निवळलं की वीतभरावरून मरळ नक्की काय पाहते, हे मला ठाऊक नाही, त्या मुलीलाही नाही. तोवर तिच्या फ्लाय बिनडोळ्याच्या राहतील आणि माझ्या फ्लायला मी डोळा लावणार.