भिंतीवरचा उजेड

जुना वॉल लॅम्प हातात आला की मी आधी त्याची वायर बघतो. १९५०-६०च्या काळातल्या दिव्यात बहुधा रबराची वायर असते आणि तिच्यावर सुताची वीण. वीण वरून धडधाकट दिसते. आतलं रबर मात्र बल्बच्या उष्णतेनं वाळून कडक झालेलं असतं. वायर जरा वाकवली की त्याचे कण टेबलावर गळतात आणि तांबं उघडं पडतं. दिवा पितळेचा किंवा पत्र्याचा असेल तर बॉडीत करंट उतरायला वेळ लागत नाही. म्हणून जुनी वायर ठेवायचा हट्ट मी कुणाचाही ऐकत नाही. तीन तारांची नवी वायर ओढतो, तिसरी तार अर्थिंगची, आणि ती धातूला घट्ट आवळतो.

बाकीचं शक्य तेवढं जुनंच राखायचं. बेकेलाइटचा पिन होल्डर तडकलेला नसेल तर तोच. पितळेवर चढलेला काळपट रंगही तसाच, कारण बफिंग मशीनला एकदा लावला की तो गेला.

माझं काम शहापुरात चालतं. दिवे येतात मुंबईहून, दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारती पाडायला निघाल्या की, नाहीतर चोर बाजारातून. घेणारे बरेचसे मुरबाड-टोकावडे पट्ट्यात फार्महाऊस बांधलेले. काही जण सर्ज मुई या फ्रेंच कारागिराच्या दिव्यांचे फोटो घेऊन येतात. मुई मूळचा चांदीकाम करणारा, १९५३च्या सुमारास दिव्यांकडे वळला. त्याच्या शेड बाहेरून काळ्या आणि आतून पांढऱ्या. बाहेरून दिवा डोळ्यात भरत नाही आणि आतून उजेड वाया जात नाही. चंदीगड उभारणाऱ्या ल कॉर्ब्युझिएनं मार्सेच्या इमारतीसाठी केलेल्या दिव्याला दोन शंकू आहेत, त्यातला एक उजेड वर फेकतो, एक खाली.

मला स्वतःला आपल्याकडचे बिननावाचे दिवे जास्त आवडतात. ॲल्युमिनियमची गोल चकती लेथवर साच्याला दाबत दाबत वळवलेली असते. शेडच्या आत बोट फिरवलं की त्या दाबाच्या बारीक गोल रेघा लागतात. नवा रंग देताना त्या बुजू द्यायच्या नाहीत, पातळ हात मारायचा.

या दिव्यांना नक्षी नाही, काचेचे झुबके नाहीत. बल्ब झाकलेला आणि उजेड सगळा भिंतीवर सोडलेला. त्यामुळे गिऱ्हाइकाला मी दिव्याआधी भिंतीबद्दल विचारतो. गुळगुळीत टाइल असेल तर बल्बचा एक पांढरा डाग तेवढा उठतो. चुन्याची भिंत उजेड पसरवते. बल्बही पिवळसर हवा, २७०० केल्विनचा एलईडी. पांढऱ्या एलईडीखाली पितळ मेल्यासारखं दिसतं.

टोकावड्याकडे एकानं नवं घर बांधताना जुन्या घराची एक कुडाची भिंत तशीच ठेवली होती. कारवीचा कूड, वर शेणामातीचं लिंपण. तिथे दुहेरी शंकूचा दिवा लावला. उजेड भिंतीला घासून वर-खाली गेला तशी लिंपणाऱ्या हाताची वळणं एकेक करून उठून दिसायला लागली. चारही बोटांचे अर्धगोल, एकात एक गुंतलेले. ज्या आजींनी ती भिंत सारवली होती त्या शेजारीच राहतात. त्या आल्या, भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या, "ह्यो तं माझाच हात!" लगेच एका कोपऱ्यात पोपडा सुटलाय तोही त्यांनी दाखवला.

मग म्हणाल्या, "दिवा खाली घे, बाबा. बसलेल्या माणसाला उजेड नको का?" वायरमन सवयीनं दिवा डोक्याच्या वर लावतात. त्या घरात रॉकेलचा दिवा टांगायचा खिळा जमिनीपासून जेमतेम ४ फुटांवर होता, कारण जेवण, निवडणं-टिपणं, पोरांचा अभ्यास सगळं जमिनीवर बसूनच. हे भिंतीवरचे दिवेही मुळात वाचणाऱ्या, काम करणाऱ्या माणसाजवळ लावण्यासाठीच घडवलेले असतात. मी त्याच उंचीवर खूण केली.

कुडात प्लग धरत नाही, माती भुगा होऊन बाहेर येते. म्हणून भिंतीतली मेढ शोधून तिच्यावर सागाचा गट्टू ठोकला आणि दिव्याची प्लेट त्या गट्टूवर कसली. पावसाळ्यात भिंत ओल धरते, गट्टूमुळे पितळ तिच्यापासून बोटभर लांब राहतं. वायरही लिंपणात गाडली नाही, मेढीच्या कडेनं उघडीच क्लिपांनी खाली आणली, म्हणजे पुढच्या वर्षी आजींना भिंत सारवताना तिची अडचण नको.