घर कोण राखणार?

मैत्रिणींनो, खरं सांगते, या सगळ्याची सुरुवात मेथी निवडताना झाली. दिवाळीनंतरची गोष्ट. माझी भाची नवऱ्याबरोबर इटलीला फिरायला गेली होती. तिथे त्यांनी भाड्याने मोटार घेतली आणि दोघंच गावोगाव हिंडले. जुन्या तटबंदीची गावं, दगडी गल्ल्या, वळणावळणाचा रस्ता आणि खाली निळा समुद्र. तिने फोनवर फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "मावशी, तू असतीस तर किती खूष झाली असतीस!"

एका हातात मेथी, दुसऱ्या हातात फोन. मी फोटो बघत राहिले आणि मनात आलं, आपण आजवर काय पाहिलं? पंढरपूर, तुळजापूर, माहूर, औंढा नागनाथ. बाकी लग्नं, मुंजी आणि बारशी. समुद्र एकदा पाहिला, तोही यांच्या तपासणीसाठी मुंबईला गेलो होतो तेव्हा. टॅक्सीच्या खिडकीतून, दहा मिनिटं. आणि या सगळ्या प्रवासांत कुठल्या रस्त्याने जायचं, कुठे थांबायचं, हे मी एकदाही ठरवलं नव्हतं. माझं काम मागच्या सीटवर बसून दशम्यांचा डबा सांभाळायचं. तुमचंही असंच आहे की नाही?

इटली राहू द्या, पण आपल्याकडे का कमी आहे? किल्ले आहेत, जुनी शहरं आहेत, समुद्र आहे. त्याच रात्री मुलाची जुनी शंभर पानी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं: सेलू ते मालवण. आठ दिवस. खर्च माझ्या भिशीचा.

घरात जी गंमत उडाली ती विचारू नका! हे म्हणाले, "त्यापेक्षा पंढरपूरला जाऊन येऊ." पुण्याचा मुलगा फोनवर हसला, "आई, रस्ता फोन दाखवतो, वही कशाला?" मी म्हटलं, "फोन रस्ता दाखवतो, पण का जायचं ते नाही दाखवत." आणि रोज दुपारी, भांडी आवरली की, मी वही घेऊन बसू लागले.

काय सांगू, वाचता वाचता आपलाच मुलूख मला नव्याने कळला. आमच्या सेलूहून निघालं की पहिलं मोठं गाव पाथरी. इथून किती वेळा गेले असेन, पण नगरच्या निजामशाहीचा मूळ पुरुष या पाथरीच्या कुळकर्ण्यांच्या घराण्यातला, असं इतिहासात सांगतात, हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. त्या घराण्यातल्या मलिक अहमदने जे शहर वसवलं ते अहमदनगर. २०२४ पासून त्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे. तिथल्या भुईकोट किल्ल्यात चांदबिबीने मोगलांना थोपवलं आणि त्याच किल्ल्यात १९४२ ते १९४५ पंडित नेहरू कैदेत होते. म्हणजे पाथरी ते नगर हा रस्ता नुसता माजलगाव, गेवराई, पाथर्डी असा खड्डे मोजत जाण्याचा नाही!

आणखी एक नवल सांगते. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली. तिच्यात आपलं पैठण आहे आणि धाराशिवकडचं तेर आहे. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला तेर दहा दिवसांवर, असं त्याने लिहिलं आहे. इथला माल गाड्यांवर लादून बंदरावर जायचा आणि तिथून जहाजाने थेट रोमच्या राज्यात. इटलीत पॉम्पेई नावाचं गाव ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. तिथे १९३८ साली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तशाच घडणीच्या मूर्ती तेरला आणि जालन्याच्या भोकरदनला सापडल्या आहेत. भाचीला मी लिहिलं, "बाई गं, आपल्याकडची एक बाई तुझ्या आधी तिकडे पोचली आहे!"

असो. योजना वाढत गेली. नगर, पुणे, ताम्हिणी घाट, रायगड, मग जंजिरा. तिथून खाली रत्नागिरी, म्हणजे ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी कैदेत ठेवलं तो राजवाडा. मग मालवण आणि शिवाजी महाराजांनी १६६४ साली पाया घातलेला सिंधुदुर्ग. रोज कुठे मुक्काम, किती किलोमीटर, सगळं मांडलं. शेवटच्या पानावर "जाण्यापूर्वीची कामं" अशी यादी केली. ती तुम्हाला जशीच्या तशी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं.

दूधवाला बंद. गॅसचा नळ. तुळशीला पाणी – शेजारी. आत्याबाई – गंगाखेडला, नणंदेकडे. नळाची मोटर. फ्रीज रिकामा.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. ऐंशीला टेकल्या आहेत. गुडघे गेले, पण डोळे शाबूत. चौथीपर्यंत शिकलेल्या, हाताला लागेल ते वाचतात. पुडीचा कागदसुद्धा सोडत नाहीत. वही मी देवघराजवळ ठेवली होती.

दोन दिवस त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वाती वळता वळता म्हणाल्या, "तुळशीला पाणी शेजारी कशाला सांगतीस? मी घालते की. मला कशाला गंगाखेडला धाडता? घर राखते मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी काहीतरी सारवासारव केली, "तसं नाही हो आत्याबाई, तुम्हाला प्रवास झेपायचा नाही म्हणून..."

"न्हाईच झेपायचा," त्या म्हणाल्या. "मी कुठं म्हणते नेऽ म्हणून?" आणि उठून आत गेल्या. आल्या त्या हातात त्यांची पितळी डबी घेऊन. तिच्यात एक शिंपला होता.

तो शिंपला मी चांगला ओळखते. माझ्या दोन्ही मुलांना बाळगुटी त्यानेच पाजली. नणंदेच्या मुलांनाही त्यानेच. पण तो घरात आला कुठून, हे मी तीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

१९६९ साली सासरे कचेरीतल्या चार मित्रांबरोबर मुंबईला गेले होते. बाकीच्यांच्या बायका बरोबर होत्या. आत्याबाईंचंही लुगडं धुऊन, घडी करून ठेवलेलं होतं. हे तेव्हा पाच वर्षांचे, नणंद मांडीवर. निघायच्या आदल्या रात्री त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "सगळेच गेल्यावर घर कोण राखणार? म्हशीची धार कोण काढणार?" झालं. लुगडं पुन्हा ट्रंकेत गेलं. सासऱ्यांनी चौपाटीवरून येताना हा शिंपला आणला. आत्याबाई म्हणाल्या, "मी विचारलं, कसा असतो समुद्र? तर म्हणाले, गंगेला पूर आला की पल्याडचा काठ दिसत न्हाई ना, तसा. मग मी म्हटलं, मला काय, दर पावसाळ्यात दिसतोय गंगाखेडला!" आणि त्या हसल्या. मला मात्र हसू येईना.

मैत्रिणींनो, "घर कोण राखणार?" हा प्रश्न मीही ऐकला आहे. माझ्या बहिणी काशीला गेल्या तेव्हा ऐकला, शाळेच्या मैत्रिणींचं संमेलन झालं तेव्हाही ऐकला. मला वाटायचं, हा प्रश्न सासवा सुनांना विचारतात. पण सून मोठी झाली, तिच्या हातात किल्ल्या आल्या, तिने वही केली, आणि त्या वहीत म्हातारीचं नाव कुठे लिहिलं? तुळस आणि नळाची मोटर यांच्या मधे! प्रश्नसुद्धा विचारला नाही हो मी. सरळ उत्तर लिहून टाकलं.

त्या रात्री झोप लागली नाही. खोटं कशाला बोलू, आधी रागच आला. इतक्या वर्षांनी एक गोष्ट स्वतःच्या मनाने ठरवली, त्यातही तडजोडच का? मालवण सोडायचं म्हणून डोळ्यांत पाणी आलं. मग रायगडाचं पान उघडलं. जिजाऊसाहेब उतारवयात झाल्या, गडावरचा गार वारा त्यांना मानवेना, म्हणून महाराजांनी पायथ्याशी पाचाडला त्यांच्यासाठी वाडा बांधला, असं सांगतात. आपल्या शेजारच्या सिंदखेडराजाची लेक ती. जून १६७४ मध्ये लेकाचा राज्याभिषेक पाहिला आणि त्याच महिन्यात पाचाडला देह ठेवला. माऊलीला गड झेपेना, तर तिला कुणी दुसऱ्या गावी नाही धाडलं. वाडा खाली आणला. मी मालवणावर काट मारली.

नवी योजना अशी. दिवस आठच, गावं निम्मी. पहिल्या दिवशी पुणे. तिथे एक दिवस पूर्ण विश्रांती. मग घाटात मुलगा गाडी चालवणार, कारण यांना रात्रीचं आणि घाटातलं चालवणं नको असं मी वहीत लाल शाईने लिहिलं आहे. पाचाडला मुक्काम. रायगडावर रोपवेने. हिरकणीच्या बुरुजापर्यंत मी जाईन, आत्याबाई वर जिथे बसवेल तिथे बसतील. तान्ह्या लेकरासाठी रात्री कडा उतरून गेलेली ती गवळण, तिचा बुरुज पाहिल्याशिवाय मी परतायची नाही! पुढे श्रीवर्धनला तीन रात्री. हे पेशवे बाळाजी विश्वनाथांचं गाव. जवळच हरिहरेश्वर, म्हणजे आत्याबाईंचं देवदर्शनही झालं. एक दिवस दिघीहून बोटीत गाडीसकट बसून पलीकडे आगरदांड्याला उतरायचं आणि मुरूडचा जंजिरा पाहायचा. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याचे तलाव! मराठ्यांना कधी मिळाला नाही तो किल्ला. होडीतून दारात उतरणं मात्र अवघड, म्हणून आत्याबाई आणि मी आळीपाळीने... नाही, चुकले. या वेळी काठावर त्यांच्याजवळ हे बसणार आहेत. तसं कबूल करून घेतलंय.

तुम्हीही असा बेत करणार असाल तर माझ्या वहीतल्या चार गोष्टी सांगते. वयस्कर माणूस बरोबर असेल तर दिवसाला पाच-सहा तासांपेक्षा जास्त गाडी नको, आणि दर दीड तासाला उतरून चार पावलं चालायचंच, नाहीतर पाय सुजतात. खोली ठरवताना "तळमजला आहे का, कमोड आहे का, धरायला कडी आहे का" हे फोनवर स्पष्ट विचारा. लाजू नका. जंजिऱ्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, म्हणून आम्ही संक्रांतीनंतरचे दिवस घेतले. गाडी नेणाऱ्या बोटीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या. घाटासाठी आवळासुपारी आणि लिंबू हाताशी ठेवा. औषधं दोन पिशव्यांत वाटून, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. आणि सगळ्यांचे फोननंबर कागदावर, कारण घाटात फोन लागेलच असं नाही. पहिल्या दिवसाला दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पुरते. आत्याबाई माळकरी आहेत, म्हणून श्रीवर्धनला शाकाहारी घरगुती जेवण आधीच सांगून ठेवलंय. "मासळीचा वास आला तर मी जेवायची न्हाई," असं त्यांनी बजावलंय. समुद्रालाही वास असतो हे मी अजून सांगितलेलं नाही!

परवा त्यांनी मला विचारलं, "आपली गंगा तिथंच मिळती का गं?" मी वहीतला नकाशा दाखवला. गोदावरी त्र्यंबकेश्वरला निघते तेव्हा पश्चिमेचा समुद्र अगदी जवळ असतो, पण ती पाठ फिरवते आणि आपल्या गंगाखेडवरून, नांदेडवरून, थेट आंध्रात जाऊन पूर्वेच्या समुद्राला मिळते. चौदाशे किलोमीटरच्या वर. आत्याबाईंनी बराच वेळ नकाशाकडे पाहिलं. म्हणाल्या, "म्हंजे जवळचा सोडून लांबचा धरला. माहेर सोडून निघालेली दिसती." मग जरा थांबून, "ओटी कशी भरायची मग? समुद्र तर पुरुष."

"नारळ देऊ," मी म्हटलं.

शनिवारी पहाटे निघतो आहोत. त्यांच्या पिशवीत नारळ आहे आणि वर घडी करून ठेवलेलं लुगडं. पितळी डबी मी विचारून बरोबर घेतली आहे. तुळशीला पाणी शेजारी घालणार आहेत.

आणि घर? घराला कुलूप लावणार आहोत. किल्ली आत्याबाईंच्या कनवटीला राहील.

तुम्हीही कधी अशी यादी कराल. करा, जरूर करा, स्वतःच्या हाताने करा. फक्त लिहून झाल्यावर एकदा वाचून बघा, कुणाचं नाव चुकून तुळस आणि मोटर यांच्या मधे तर पडलं नाही ना.