गोदेच्या वरच्या अंगाला

नांदेडच्या माणसाला नाशिक म्हणजे परमुलूखच. सकाळी तपोवन एक्सप्रेसमध्ये बसायचं, परभणी, जालना, संभाजीनगर, मनमाड करत दिवेलागणीला नाशिक रोडला उतरायचं. दिवसभर गाडीच्या उलट दिशेनं एक नदी आपल्याच गावाकडे चाललेली असते, पण खिडकीतून ती कधी नीट दिसत नाही. आपण ती नांदेडात बघतो, विष्णुपुरीच्या बंधाऱ्यात अडलेली, फुगलेली किंवा तळाला गेलेली. तिला वरचं अंग आहे, तिथंही माणसं राहतात, हे भूगोलात शिकलेलं असतं एवढंच.

भाचा नाशिकला नोकरीला आहे. मूळचा लातूरचा, माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. स्टेशनवर माझी पिशवी हातातून काढून घेत म्हणाला, "उद्या पाचला उठायचं बघा मामा. सायकल आणून ठेवलोय तुमच्यासाठी."

मी शेवटची सायकल चालवली ती पीपल्स कॉलेजला जाताना, तीही डबल सीट. गुडघे आता बोलतात. पण या शहराला सायकलीचं वेडच आहे असं तो सांगत होता. इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंतची शर्यत जोडीनं पुरी केली, पुरी करणारे ते पहिले भारतीय. ते अख्खी अमेरिका आडवी काढतात आणि मामा पंधरा किलोमीटरला भितात, असा त्याचा मुद्दा होता. मी गप्प झोपलो.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली पहाट. नांदेडला या दिवसांत एक स्वेटर पुरतो. इथं कान दुखायला लागले. गंगापूर रोडवरची शेवटची दुकानं मागं पडली, गोवर्धन आलं, आणि तिथून सावरगाव-गंगावऱ्ह्याकडे वळल्यावर कुणीतरी मागून दार लोटून घ्यावं तसा आवाज थांबला. आमच्याकडे जानेवारीत रस्त्यावर सायकल घालणं म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरशी कुस्ती. दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, आणि स्पीकरवर गाणं इतकं जोरात की हॉर्न ऐकूच येऊ नये. इथं माझ्या सायकलीची चेन कुरकुरते तेवढं ऐकू येत होतं. चढ आहे, पण फसवा. डोळ्याला दिसत नाही, मांड्यांना कळतो. पुढं भाच्याचा लाल दिवा लुकलुकत होता.

एक मात्र सांगून ठेवतो. ही शांतता वारावर अवलंबून आहे. आम्ही गेलो तो मंगळवार. शनिवार-रविवारी याच रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते, असं भाचा म्हणाला. त्यांना वाईन प्यायची असते आणि तळ्याकाठी फोटो काढायचे असतात. सायकलवाल्यानं तेव्हा घरी झोपावं.

उजाडलं तेव्हा आम्ही धरणाच्या फुगवट्याला लागलो होतो. गंगापूर धरण गोदावरीवरचं, १९६५ साली पुरं झालेलं, मातीचं. पाण्यावर वाफ होती. पलीकडे अंजनेरी आणि ब्रह्मगिरीच्या डोंगरांच्या नुसत्या कडा. त्या ब्रह्मगिरीतच गोदावरी उगम पावते. आणि अलीकडे, पाण्यापासून हाकेच्या अंतरावर, वेली. पण माझ्या ओळखीच्या नव्हेत. औशाकडे मी द्राक्षबागा पाहिल्यात. त्यांत माणूस वाकून शिरतो, डोक्यावर पानांचा मांडव, घड दिव्यांसारखे खाली लटकलेले. इथं मांडवच नाही. छातीएवढ्या उंचीच्या तारा आणि त्यांवर उभ्या बांधलेल्या वेली, शाळेतल्या कवायतीसारख्या सरळ रांगेत. घड गुडघ्याच्या वर, ओळीनं.

"ही खायची नाहीत मामा. वाईनची."

बागेत तोडणी चालू होती. उन्हं तापायच्या आत माल क्रेटमध्ये पडला पाहिजे, म्हणून बाया अंधारात आलेल्या. पेठ, सुरगाण्याकडचे मजूर. गिरणाऱ्याच्या नाक्यावर पहाटे मजुरांचा बाजार भरतो, तिथून गाडीत घालून आणतात. डोक्याला मफलर, हातात छोटी कात्री. कचकच आवाज आणि मधूनच कोकणा बोलीतलं एखादं वाक्य, मला न कळणारं. मी कुंपणाशी थांबलेला पाहून एका मावशीनं बागवानाकडे बघितलं, त्यानं मान हलवली, आणि तिनं एक घड माझ्या हातात दिला.

मणी हरभऱ्यापेक्षा थोडे मोठे, काळे, एकमेकांना इतके चिकटलेले की मध्ये नख जाऊ नये. एक तोंडात टाकला. साल जाड, आत रस अगदी थोडा, आणि बिया! आयुष्यभर थॉमसन आणि सोनाका खाल्लेल्या माणसाला द्राक्षात बी लागली की फसवल्यासारखं होतं. पण गोडी? जीभ चिकटावी अशी. बागवानानं खिशातून दुर्बिणीच्या पिल्लासारखी एक नळी काढली, काचेवर एका मण्याचा रस पिळला, झाकण लावलं आणि ती माझ्या डोळ्याला दिली. वर निळं, खाली पांढरं, मध्ये एक रेघ, आणि रेघ तेविसाच्या जरा वर.

"ब्रिक्स," तो म्हणाला. "रसातल्या साखरेचं माप. कंपनीशी करार असतो. भाव या रेघेवर."

मग त्यानं जे सांगितलं ते मी आडवाटेला उभा राहून ऐकतच राहिलो. जगात वाईनची द्राक्षं मुख्यतः ३० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यात होतात. नाशिक २० वर. तिकडे हिवाळ्यात वेल झोपते. इथं ती झोपतच नाही, म्हणून माणसानं तिला वर्षातून दोनदा छाटायचं. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि फळ एकदाच घ्यायचं, ते थंडीत. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपासची ही जागा रात्री गार पडते, तेवढ्या गारठ्यावर हा सगळा खेळ. युरोपात तळ्याकाठी वेली लावतात त्याचं कारण वेगळं. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी लावो म्हणून उतारावरच्या बागा आहेत, जागतिक वारशात गेलेल्या. तिथले शेतकरी म्हणतात, आम्हाला तीन सूर्य: एक आभाळातला, एक पाण्यावरून उलटून येणारा, एक दगडी बांधात साठलेला. इथल्या शेतकऱ्याला एकच सूर्य जास्त होतो. त्याला तळं लागतं ते ठिबकच्या नळीपुरतं.

"पण तोडणीच्या आधी पाणी तोडतो आम्ही," तो म्हणाला. "वेलीला जरा तहानेत ठेवायचं. त्याशिवाय मण्यात गोडी उतरत नाही."

भाचा इतका वेळ गप्प होता. म्हणाला, "मग आमच्या लातूरचं माणूस किती गोड असायला पाहिजे!"

बागवान हसला. त्याला विनोद कळला. त्यातलं वर्ष कळलं नसावं. २०१६ चा एप्रिल. मांजरा धरण कोरडं, आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. लोक गाडी बघायला गेले होते. भाचा तेव्हा दहावीत. माझी बहीण फोनवर टँकरचा नंबर लागला की नाही एवढंच बोलायची. आणि मांजरा तरी कुठली? तीही शेवटी गोदावरीलाच मिळते.

पुढच्या चढावर मी हेच घोळवत होतो. ही एवढी हिरवळ, एवढी शांतता, हे सगळं त्या वाफाळत्या पाण्याचं. अमेरिकेतली नोकरी सोडून इथल्या घरच्या जमिनीवर आलेल्या राजीव सामंतांनी १९९७ मध्ये वाईनच्या वेली लावल्या. २००१ मध्ये सरकारनं द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं. मग बघता बघता या तळ्याभोवती वायनऱ्या उभ्या राहिल्या. वाईट काय त्यात? माणसाला पाणी मिळालं आणि त्यानं त्याचं काहीतरी केलं. आमच्याकडे मिळालं की आम्ही त्याचा ऊस करतो, त्याबद्दल न बोललेलं बरं.

तरी मराठवाड्याच्या माणसाला हे तळं नुसतं तळं म्हणून बघता येत नाही. ते पाहिलं की डोक्यात कोष्टक सुरू होतं. जायकवाडीत ऑक्टोबरच्या मध्याला ६५ टक्क्यांहून कमी पाणी असेल तर वरच्या धरणांतून सोडायचं, हे मेंढेगिरी समितीचं सूत्र २०१३ चं. सोडायची वेळ आली की इकडे मोर्चे, तिकडे मोर्चे, मग कोर्ट. मी भाच्याला हे जरा तावातावानं सांगितलं. तो पेडल मारत म्हणाला, "मामा, आन् बाभळीचं काय?"

निरुत्तर केलं पोरानं. आमच्या धर्माबादजवळचा बाभळीचा बंधारा. सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निकालानुसार त्याचे दरवाजे १ जुलैला उघडायचे आणि २८ ऑक्टोबरपर्यंत उघडेच ठेवायचे, कारण खाली तेलंगण आहे. नांदेडात आम्ही दरवर्षी वाहून जाणाऱ्या पाण्याकडे बघून हळहळतो, आणि तिथला माणूस आमच्याकडे नेमका तसाच बघत असणार, जसा मी आता गंगापूरच्या धरणाकडे बघत होतो. खालच्याला वरचा नेहमीच लुटारू वाटतो. मी गिअर बदलायला गेलो, उलटा पडला, चेन उतरली. बरं झालं, विषय बदलला.

गिरणाऱ्यात चहा घेतला. टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटांचे ढीग, पिकअप गाड्या, नाक्यावर काम न मिळालेली दहा-बारा माणसं अजून उभी. दोन जोडप्यांजवळ लहान पोरं, गोणपाटावर बसवलेली. त्यांच्यासमोर हेल्मेट घालून, चड्डीवर सायकल फिरवणारा मी. चहा लवकर संपवला. पुढं धोंडेगावच्या बाजूला काश्यपी धरण. ते छोटं, आणि गंगापूरपेक्षाही निवांत. काठावर म्हशी, पाणकावळे पंख वाळवत बसलेले, आणि रस्त्यावर अर्ध्या तासात एक दूधवाला. मला वाटतं सायकल घेऊन जायची खरी जागा हीच. गंगापूरच्या काठी माणूस पाहुणा असतो, इथं कुणी त्याच्याकडे बघतही नाही.

परतताना उताराच्या तोंडाशी जनावरांचा एक हौद होता. त्यावर नळ, आणि नळाची धार चालू. हौद भरून वाहत होता, पाणी रस्ता ओलांडून पलीकडच्या गवतात चाललेलं. मी पुढं निघून गेलो. उतार होता आणि गुडघ्यांनी पहिल्यांदाच काही तक्रार केली नव्हती. बरंच खाली आल्यावर मागं बघितलं तर भाचा नाही.

सायकल ढकलत वर गेलो. तो हौदाशी उभा. नळाला तोटीच नव्हती. त्यानं आधी स्वतःची बाटली भरली, मग हात पुढं करून माझी मागितली, तीही भरली. मग जरा वेळ नुसता धारेकडे बघत राहिला. शेजारच्या बांधावर ऑक्टोबरच्या छाटणीतल्या द्राक्षाच्या वाळक्या काड्यांचा ढीग होता. त्यातली एक अंगठ्याएवढी जाड काडी त्यानं निवडली, दाताखाली धरून टोक चेचलं, खिशातल्या रुमालाची पट्टी फाडून तिच्यावर गुंडाळली आणि नळात ठोकून बसवली. दगडानं दोन घाव घातले. हात सराईत होता. धार थेंबांवर आली, थेंब थांबले.

"चला मामा," हात चड्डीला पुसत तो म्हणाला. "आता ब्रेक धरून या, वळणाचा उतार हाय."